सुवासिक सबनीस

पद्माकर सबनिसाला बायकोने घराबाहेर काढलंय आणि तो मागच्या बागेतल्या शेडमध्ये राहतो, ही बातमी १९८७च्या फेब्रुवारीत हॅरोमध्ये निघाली आणि शनिवारच्या भाजीखरेदीपर्यंत वेम्बलीला पोचली.

बातमीला साक्षीदार होता. वीणा टिपणीस. तिच्या वरच्या मजल्याच्या मागच्या खिडकीतून सबनिसांची बाग दिसते. वीणा काही मुद्दाम बघत नव्हती, ती आपली पडदा धुवायला काढत होती. फेब्रुवारीत, संध्याकाळी साडेसहाला, अंधारात. तर तिने पाहिलं की शेडमध्ये दिवा आहे, दिव्याखाली पद्माकर बनियन आणि लांब लोकरी चड्डीत कुडकुडतोय, आणि सुप्रभाने स्वयंपाकघराचं दार उघडून गवतावर एक बादली ठेवली, टॉवेल ठेवला आणि एक शब्द न बोलता दार लावून घेतलं.

"लावून घेतलं हो!" वीणा फोनवर म्हणाली. "दुधाच्या बाटल्या ठेवणारासुद्धा गुड मॉर्निंग म्हणतो."

ईलिंग रोडवर भेंडी निवडता निवडता त्या बादलीचं जेवणाचं ताट झालं. मंदिरात ताटाबरोबर गादी आली. आणि गोष्ट फिरून हॅरोला परत आली तेव्हा तिच्यात फॅक्टरीतली मॉरीन नावाची एक बाई होती. मॉरीन हे नाव तिला कोणी ठेवलं ते आजवर कळलेलं नाही, पण नाव चांगलं होतं, टिकलं. तिच्या केसांच्या रंगाबद्दल मात्र दोन पक्ष होते.

खरं काय ते सांगतो. पण आधी पद्माकर कोण ते कळू द्या, नाहीतर त्यात काही मजा नाही.

पद्माकर सांगलीचा. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेला, सडपातळ, भांग असा सरळ की पट्टीने पाडल्यासारखा. १९७३ साली लंडनला आला आणि विल्सडनमध्ये एका बाईंच्या घरी वरची खोली घेऊन राहिला. डिसेंबरातल्या एका रविवारी त्याला घरची आठवण झाली. त्याने छोट्या शेगडीवर वरणाला फोडणी दिली. मोहरी, हिंग, दोन मिरच्या, बाकी काही नाही. पाच मिनिटांत लँडलेडी जिना चढून वर आली. दारात उभी राहिली, नाक एकदाच आत ओढलं, मग खोली ओलांडून गेली आणि दोन्ही खिडक्या सताड उघडून खाली निघून गेली.

ती काही बोलली असती तर पद्माकरने दोन शब्द ऐकवले असते. बाई बोललीच नाही. पद्माकर ओव्हरकोट घालून गार वरणभात जेवला आणि त्या रात्री त्याने ठरवलं की या देशात आपल्याला कोणी काहीही म्हणो, वास येतो असं म्हणता कामा नये.

मग त्याला नोकरी कुठे लागावी? पेरिव्हेलच्या बाजूला एक फॅक्टरी होती, तिथे फवाऱ्याचे डबे भरत. लाकडाला मारायचं पॉलिश, ओव्हन साफ करायचा फेस, आणि खोलीतला वास घालवायचा तो फवारा, एअर फ्रेशनर. पद्माकरला वाटलं, देवानेच हात धरून इथे आणलं. लाइनवर लागला तो सुपरवायझर झाला. पोचा पडलेले डबे कामगारांना जवळजवळ फुकट मिळायचे. पद्माकर ते पिशव्या भरभरून आणायचा.

हॅरोच्या त्यांच्या घरात प्रत्येक खोलीला स्वतंत्र वास होता. हॉलमध्ये पाइन, फ्रंट रूममध्ये लॅव्हेंडर, टॉयलेटात लिंबू, आणि वरच्या बेडरूम्सना 'स्प्रिंग मॉर्निंग' नावाचं काहीतरी, ज्याचा वास स्प्रिंगसारखाही नव्हता आणि मॉर्निंगसारखाही नव्हता. डोळे बांधून तुम्हाला सोडलं असतं तरी कुठे उभे आहात ते नाकाने सांगता आलं असतं. सुप्रभा फोडणी करायला लागली की पद्माकर तिच्या मागे डबा घेऊन आगीच्या बंबवाल्यासारखा उभा. मोहरी तडतडली, फुस्स. हिंग पडला, फुस्स. कढीपत्त्याला दोनदा. नवराबायकोचं असं बसलं होतं की बघत राहावं.

"अहो, गॅस चालू आहे," सुप्रभा म्हणायची. "भडका उडेल एखाद दिवशी."

"मी केमिस्ट आहे," पद्माकर म्हणायचा, पण एक पाऊल मागे सरकून.

माणूस दिलदार. बारसं असो, घरभरणी असो, कुणाचा प्रमोशनचा चहा असो, पद्माकर रिकाम्या हाताने कधी आला नाही. एक डबा ठरलेला. माझ्याकडेही पाच जमले होते. पण खरी कमाल सुप्रभाने केली, पंच्याऐंशीच्या संक्रांतीला. हळदीकुंकवाला बायका एकमेकींना वाण देतात, म्हणजे साबणाची डबी, चहाची गाळणी, फणी असलं काहीतरी घरात उपयोगी पडणारं. सुप्रभाने प्रत्येकीच्या ओटीत लॅव्हेंडरचा अख्खा डबा घातला, वर तिळाचा लाडू. वेम्बलीपासून हॅरोपर्यंत खळबळ उडाली. गाळण्या वाटणाऱ्या बायकांची तोंडं एवढीशी झाली. एकीला ते केसांवर मारायचं वाटलं, आणि तिचा अंबाडा होळीपर्यंत दरवळत होता.

आणि एकीने ते वाण परत केलं. हो, परत केलं. अनुराधा फणसळकरने. वाण कधी परत केलेलं ऐकलंय तुम्ही? डोक्यावर मारायची वस्तू असली तरी घेतात, नमस्कार करतात आणि माळ्यावर टाकतात. अनुराधाने दारातच डबा सुप्रभाच्या हातात ठेवला.

"राहू दे गं बाई. माझं डोकं चढतं याच्या वासाने. लाडू मात्र नेते."

लाडू नेला, हे सुप्रभाला जास्त लागलं. दोघी पार्ल्याच्या, एका शाळेत शिकलेल्या, तू-मीच्या मैत्रिणी. त्या दिवसापासून अबोला. मराठी मंडळात समोरासमोर आल्याच तर "तुमची पर्स उघडी आहे हो" आणि "थँक्यू, बघितली मी," एवढंच. इतकं सभ्य भांडण मी दुसरं पाहिलं नाही.

आता मुलीकडे येतो. गोष्ट तिचीच आहे.

सबनिसांची एकुलती एक मुलगी रश्मी. चार वर्षांची असताना तिला दम लागायला लागला. आधी खोकला, मग छातीत मांजराचं पिल्लू कोंडल्यासारखा आवाज, मग खांदे वर-खाली. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, दमा सांगितला आणि निळा पंप दिला. पंपाने बरं वाटायचं, पण पुन्हा व्हायचं. कशाचं वावडं ते बघायला हॉस्पिटलात हातावर थेंब टाकून टोचून पाहिलं, मांजर, गवत, धूळ. धुळीचा फोड थोडासा उठला. झालं! सुप्रभाने कार्पेट उपटलं, उशा बदलल्या, पडदे उतरवले. कोणीतरी सांगितलं की खेळण्यांतले किडे थंडीने मरतात, तेव्हा रश्मीचं अस्वल दर रविवारी फ्रीझरमध्ये मटारांशेजारी झोपायला लागलं. आणि एवढी साफसफाई झाली की मग पद्माकर प्रत्येक खोलीत शेवटचा हात म्हणून एकेकदा फुस्स करायचा.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात सगळी सांगलीला गेली. तिथे रश्मी सहा आठवडे मातीत लोळली, गोठ्यात लपली, पिंजाऱ्याच्या दुकानात कापसात नाचली. एकदा म्हणून धाप लागली नाही. परत आली ती सबनिसांच्या आईला, माईंना, बरोबर घेऊन, आणि आठवडा झाला नाही तोच रश्मी उशाला टेकून श्वास मोजत होती.

माईंनी ते पाहिलं आणि निर्णय सांगून टाकला. "पोरीला हा देश सोसत नाही. फेब्रुवारीअखेर मी परत जाते आहे, तिला घेऊन जाते. शाळा माझ्या घरासमोर आहे. तुम्ही दरसाल येऊन भेटा."

सुप्रभा दोन दिवस जेवली नाही. पद्माकरने तिसऱ्या दिवशी रश्मीचं तिकीट काढलं. तो मला म्हणाला, "मी तरी काय करू? जवळ राहून घुसमटण्यापेक्षा लांब राहून पळू दे तिला." आणि चष्मा पुसायला लागला, जो अगदी स्वच्छ होता.

सुप्रभा हट्टी. तिने माईंकडून एवढं वदवून घेतलं की तोवर मला कारण सापडलं तर पोर इथेच राहील. आणि ती खरंच पोलिसासारखी मागे लागली. तिच्या एक गोष्ट लक्षात आली. रश्मी शाळेत ठीक असते. ईलिंग रोडवर उदबत्त्यांच्या धुरातसुद्धा ठीक असते. तिला होतं ते घरी, आणि मराठी माणसांच्या घरी गेल्यावर. कुठेही जा, टिपणीसांकडे, आमच्याकडे, तासाभरात पंप काढावा लागतो. फक्त मराठी घरांत!

"मग आता सांगायला काय हवं?" माई म्हणाल्या. "दृष्ट. आपल्याच लोकांची."

त्यांनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून थेट गॅसच्या ज्योतीवर टाकल्या. मिरच्यांचा असा ठसका उठला की पद्माकर, माई स्वतः आणि समोर चहाला बसलेला मी, सगळे खोकत बागेत पळालो. सुप्रभाने रश्मीला आधीच ब्लँकेटात गुंडाळून बाहेर नेलं होतं. आम्ही तासभर मोकळ्या हवेत उभे होतो, आणि रश्मीची छाती हळूहळू शांत झाली.

"बघा," माई डोळे पुसत म्हणाल्या, "मिरचीचा वास आला का कुणाला? ठसका आला, वास नाही आला. म्हणजे दृष्ट होती." त्यांच्याशी वाद घालायला कुणाच्या घशात आवाज शिल्लक नव्हता.

मग डॉक्टर आले. सुप्रभाचा चुलतभाऊ शशिधर, साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात. तो हाडांचा डॉक्टर. पण घरचा डॉक्टर असताना बाहेरच्याचं कोण ऐकतं? शिवाय दमा छातीत असतो आणि छातीत बरगड्या असतात, तेव्हा अगदीच परका विषय नव्हता. शशिधरने सोफ्यावर मांडी ठोकून सगळं ऐकलं.

"मराठी घरातच होतं ना? मग सोपं आहे, ताई. आपण काय खातो, जे गुजराथी खात नाही, पंजाबी खात नाही, इंग्रज तर नाहीच नाही? दाण्याचं कूट!"

"पण सांगलीला तर ती कूटच खात होती रे."

"सांगलीचा दाणा वेगळा," शशिधर म्हणाला. मोडलेल्या मांडीबद्दल बोलावं इतक्या खात्रीने.

झालं. सबनिसांकडे कूट बंद. साबुदाण्याची खिचडी झाली ती वाटीच्या आकाराची, वाटीतून काढली तरी तशीच. काकडीची कोशिंबीर पाण्यात पोहायला लागली. तरी रश्मीला व्हायचं ते झालंच. मग नारळ बंद, मग गोडा मसाला, मग हिंग. डिसेंबर संपेपर्यंत त्या घरात मराठी म्हणावं असं फक्त भांडण उरलं होतं.

आणि जानेवारीत बर्फ पडला. सत्त्याऐंशीचा तो बर्फ ज्यांनी पाहिला ते अजून काढतात त्याची आठवण. ऐन संक्रांतीचा आठवडा. मेट्रोपोलिटन लाइन ठप्प, रस्ते बंद, बसेस जिथल्या तिथे. सुप्रभा वेम्बलीला कौन्सिलच्या ऑफिसात नोकरीला होती. दुपारी शाळेतून फोन आला की बॉयलर बंद पडलाय, मुलांना घरी नेताय ना? पद्माकर फॅक्टरीत अडकलेला. माईंना फोनवरचं इंग्रजी कळेना. शाळेसमोरच्या गल्लीत अनुराधा राहायची, ती आपल्या अजयला घ्यायला आली होती. तिने रश्मीला भिंतीपाशी एकटी उभी पाहिली, टीचरला सांगितलं आणि घेऊन गेली घरी. वाण परत करणारी बाई होती, पोर बर्फात सोडणारी नव्हती.

शाळेने ऑफिसात फोन करून हे कळवलं तशी सुप्रभा कोट उचलून निघाली. मराठी घर! तेही फणसळकरांचं! आणि रश्मीचा जादा पंप सुप्रभाच्याच पर्समध्ये. ती वेम्बलीहून हॅरोला गुडघाभर बर्फातून, ऑफिसच्या बुटांत, पंप मुठीत धरून चालत आली. दोनदा पडली. दारावर पोचली तेव्हा तिलाच धाप लागली होती.

अनुराधाने दार उघडलं.

"कुठे आहे? कशी आहे? श्वास कसा आहे तिचा?"

"या, आत या तुम्ही," अनुराधा म्हणाली. "बूट काढा. वर आहे ती. जिन्यावरून घसरगुंडी करतायत दोघं, माझ्या ट्रेवर बसून. थांबवा त्यांना, मी थकले."

वरून धडाधड आवाज आला आणि चहाच्या ट्रेवर बसलेली रश्मी सुप्रभाच्या पायाशी येऊन आदळली. गाल लाल, ओठाला काहीतरी तपकिरी लागलेलं.

"मम्मी, अजयचा आई खूप छान भाकरी करतो!"

"काय खाल्लंस तू?"

"शेंगदाण्याची चटणी," अनुराधा म्हणाली. "तीनदा घेतली. मग नारळाची वडी. आमटीही भुरकली. उपाशी ठेवता काय पोरीला?"

सुप्रभा जिन्यावर बसली. तिने रश्मीच्या छातीला कान लावला. नुसती धडधड होती, पळालेल्या पोराची असते तशी. शिट्टी नाही, पिल्लू नाही. तीन तास झाले होते. मराठी घर होतं, मराठी जेवण होतं, आणि माईंच्या हिशोबाने सगळ्यात वाईट नजर असलेली बाई समोर उभी होती.

"तुम्ही... घरात काय करता वेगळं?" सुप्रभाने विचारलं. "काही औषध? धुरी?"

"कसली धुरी? झाडते आणि पुसते. तेही जमेल तसं."

"मग इथेच कसं होत नाही तिला? आमच्याकडे होतं, टिपणीसांकडे होतं, सगळ्यांकडे होतं!"

अनुराधाने चहाचं आधण ठेवलं होतं, ते तिने बारीक केलं आणि वळली. "रागावणार असाल तर आत्ताच सांगा, मी चहा ओतत नाही."

"नाही रागावत."

"तुम्ही येणार म्हटलं की सगळ्या काय करतात माहितीये? तुमचा तो डबा काढतात. दहा मिनिटं आधी घरभर मारतात. दिलाय ना तुम्ही, वापरतो हे दिसायला नको? वीणा तर सोफ्यावर मारते, गाद्यांवर मारते. तुम्ही गेलात की खिडक्या उघडून बसते. आणि तुमच्या घरी तर काय, मी आत आले की जिभेवर चव येते साबणाची. मोठ्या बाईचं डोकं चढतं, सुप्रभा, मग एवढ्याशा पोरीच्या छातीचं काय होत असेल? मी परत केला तेव्हा हेच सांगत होते तुला. तू लाडवावरून रुसलीस!"

'तू' कधी आलं ते दोघींनाही कळलं नाही. सुप्रभा रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "लाडू तरी ठेवायचा होतास." मग दोघी हसल्या, आणि चहा उतू गेला.

घरी मात्र महाभारत झालं. पद्माकर ऐकायलाच तयार नाही.

"आमच्या मालात काही नसतं! फुलांचा अर्क असतो."

"तेरा वर्षं आहात तिथे. एक तरी फूल पाहिलंत आत येताना?"

पद्माकर केमिस्ट होता. ड्रममधून काय येतं, डब्याला दाब कशाने देतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? पण माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या घरात ते शिरलंय म्हणणं वेगळं. शेवटी शशिधरला फोन केला. तो बराच वेळ "हं, हं" करत राहिला, मग म्हणाला, "माझ्या गाडीतही आहे एक. मलाही शिंका येतात. बंद करून बघा. पंप मात्र चालू ठेवा, आणि चेस्टवाल्यांना दाखवा. मी हाडांचा." हे त्याला पहिल्यांदाच आठवलं.

मग सुप्रभाने घरोघर फोन केले, की कृपा करून आम्ही येणार असलो तर फवारा मारू नका. आणि काय सांगू, एकेक घर असं मोकळं झालं! "अय्या, मग आम्हाला तरी कुठे आवडत होता!" वीणा म्हणाली. "आमचे हे बागेत जाऊन बसायचे. तुम्ही प्रेमाने दिलात म्हणून हो." सतरा घरांतून हेच. माझी बायकोसुद्धा फोनवर म्हणाली, आणि मी शेजारीच उभा होतो, मान हलवत. इतकी वर्षं सबंध हॅरो-वेम्बली केवळ सबनिसांचं मन राखायला शिंकत होती. दुसऱ्या फोनवरून पद्माकर ऐकत होता. तो हळूच रिसीव्हर ठेवून वर गेला आणि त्याने बेडरूममधले सगळे डबे खोक्यात भरले.

घरात आता फोडणी मोकळी फिरायला लागली. कूट आलं, नारळ आला. रश्मी दिवसभर ठीक. पण संध्याकाळी साडेसहाला, बरोब्बर, खोकला सुरू. वडील घरात आले की ती धावत जाऊन त्यांच्या कोटात तोंड खुपसायची, आणि मग छातीत ते पिल्लू परत.

"आता बोला," माई म्हणाल्या. "फवारा नाही, तरी होतंय. मी तिची बॅग भरते." आणि खरंच भरायला लागल्या. अस्वल वर ठेवलं.

त्या संध्याकाळी पद्माकर स्वयंपाकघरात उभा राहिला. त्याने स्वतःची बाही नाकाला लावली, मग कॉलर, मग हात. त्याला कसलाही वास आला नाही. तेरा वर्षांत त्याच्या नाकाने त्या वासाची दखल घेणं सोडून दिलं होतं.

"सुप्रभा," त्याने विचारलं, "माझा वास येतो का?"

सुप्रभा पोळी लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. "अहो, लग्न झाल्यापासून येतो."

"कसला?"

"सगळ्यांचा मिळून. पाइन, लॅव्हेंडर, लिंबू, पॉलिश."

"मग बोलली नाहीस ती कधी?"

"काय बोलायचं? नवऱ्याला?"

पद्माकर कोट न काढता तसाच मागच्या दाराने बाहेर गेला. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, घराचे हप्ते होते. दुसऱ्या दिवशी त्याने शेडमधलं गवत कापायचं यंत्र बाजूला सरकवलं, दोन खिळे ठोकले, एक दिवा ओढून नेला.

रश्मीचा संध्याकाळचा खोकला त्या आठवड्यात उतरला. दमा गेला नाही, सर्दी झाली की यायचा, परागकणांत यायचा. पण रोजचं घुसमटणं थांबलं. फेब्रुवारीअखेर माई विमानतळावर एकट्याच गेल्या. बॅगेतलं अस्वल काढून रश्मीच्या हातात देताना म्हणाल्या, "मी मिरच्या टाकल्या होत्या म्हणून. नाहीतर एवढ्यावर भागलं नसतं."

राहता राहिली मॉरीन. पद्माकरच्या कानावर ती आली नसेल असं नाही. मीच त्याला विचारलं, मंडळाच्या चहाला, जरा डोळा मारून. तो लाजला. चक्क लाजला! हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. भांगावरून हात फिरवला आणि दुसऱ्या वड्याकडे वळला. खरं कारण सांगायचं तर "माझ्या अंगाला वास येतो" असं चारचौघांत म्हणावं लागलं असतं, आणि विल्सडनच्या त्या खिडक्या उघडल्यापासून जे टाळायला तो धडपडला ते हेच होतं. त्यापेक्षा मॉरीन परवडली. तिच्या नावावर मंडळातले दोन-तीन पुरुष त्याला जरा मानही द्यायला लागले होते.

फॅक्टरी पंचाण्णव साली बंद झाली, तोपर्यंत हे असंच चाललं. मॉरीन नावाची बाई कोणी नव्हती. पद्माकर शेडमध्ये राहत नव्हता. कामावरून आल्यावर तो तिथे हातपाय धुऊन कपडे बदलत असे, कारण त्याच्या कपड्यांना लागलेल्या वासाने मुलीला दम लागत असे. सुप्रभा दार लावून घेत असे ते तो कपडे बदलेपर्यंत वास घरात येऊ नये म्हणून.